बैठकीभोवतीची तार

सल्त गावात गेली दोन वर्षं कुणाची कॉफी गार झाली की लोक म्हणतात, "ही बघा, मुफ्लेहची झाली." सल्तचे लोक मनाने चांगले, पण एखादी गंमत हाती लागली की ती झिजून भोक पडेपर्यंत वापरायची, हा त्यांचा जुना रोग आहे.

मूळ प्रकार असा. हाजी मुफ्लेह म्हणजे पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारी नव्या तांब्याच्या तारेने गुंडाळून देणारे कारागीर. त्यांच्या थोरल्या नातीला मागणी घालायला मुलाकडची जाहा आली होती. जाहा म्हणजे साठेक वजनदार पुरुष आणि त्यांच्यातला एक बोलका म्होरक्या. म्होरक्यासमोर कॉफी ठेवतात आणि तो तिला हात लावत नाही. "आमची मागणी मान्य होईपर्यंत आम्ही तुमची कॉफी घेणार नाही," असं तो बजावतो. मग मुलीकडच्या वडीलधाऱ्याने म्हणायचं, "घ्या कॉफी." सगळं महिनाभर आधीच ठरलेलं असतं, तरी त्या दोन शब्दांपर्यंत दोन्हीकडच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

त्या दिवशी म्होरक्याचं बोलणं संपलं आणि मुफ्लेह हसतमुखाने नुसते मान डोलवत राहिले. चाळीस वर्षं मोटारींच्या घरघरीत काढलेली, कान कधीच गेले होते. कानामागे यंत्र होतं, पण साठ माणसांत ते यंत्र साठ जणांचा गलका एकत्र कालवून कानात ओतायचं. समोरचा थांबला हेच त्यांना कळलं नाही. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. पाहुण्यांना वाटलं, नकार आला. दोघेजण तर पायताणं शोधायला उठले. शेवटी हाजींचा मोठा मुलगा नायेल धडपडत उभा राहिला आणि "घ्या, घ्या हो कॉफी!" असं जवळजवळ ओरडलाच.

पुढे लग्न झालं, जुळी पोरंही झाली. पण मुफ्लेह त्यानंतर कुणाच्याच बैठकीला गेले नाहीत.

आणि आता धाकट्या नातीची, रुदैनाची पाळी होती.

रुदैना चार वर्षांची असताना तिचा बाप गेला. तेव्हापासून ती आजोबांच्या दुकानातच वाढली, टेबलाखाली तारेच्या तुकड्यांशी खेळत. आता दुकान तीच चालवते. अजलूनच्या ऐहमचा पंप एका हंगामात तीनदा तिच्याकडे आला. तीनदा मोटार जळायला विहीर कोरडी असावी लागते, नाहीतर मालक प्रेमात पडलेला. ऐहमच्या विहिरीला तर पाणी मावत नव्हतं.

तारीख ठरली तशी घरात ठिणगी पडली. नायेल म्हणाला, "या खेपेला उत्तर मीच देतो. बाबांना त्रास नको."

"अम्मो, माझं उत्तर सीदो देतील," रुदैना म्हणाली. अम्मो म्हणजे काका, सीदो म्हणजे आजोबा. "त्यांनी मला वाढवलं. त्यांनीच देऊन टाकायचं."

"पुन्हा तसंच झालं तर? तुझी जाहा आहे, पोरी. गावाला आणखी दहा वर्षं पुरेल एवढं हसू व्हायचं."

कोपऱ्यात सीदो भिंतीला टेकून बसले होते. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण तोंडांवरून विषय कळला होता. "नायेल बोलेल," ते म्हणाले. "मी पोत्यासारखा बसेन. पोत्याचाही मान असतो, दाराशी ठेवलं की लोक वळसा घालून जातात."

ते हसले, पण रुदैनाला काही हसू आलं नाही. ज्या माणसाने तिला पहिलं वेटोळं घालायला शिकवलं, तो तिच्याच मागणीच्या दिवशी पोतं होऊन बसणार होता.

त्या आठवड्यात तिने एक उद्योग केला. सीदोंचं जुनं, बिघडलेलं कानाचं यंत्र तिने दुकानाच्या टेबलावर उघडलं. दुरुस्तीसाठी नाही, रागाने. आत बॅटरी, इवलासा स्पीकर, आणि एका कडेला मुंगीएवढी काहीतरी लाल वस्तू. तिने भिंग लावलं. केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं ते. शेकडो फेरे.

मोटार गुंडाळणाऱ्या माणसाला वेटोळं दिसलं आणि तो गप्प बसला, असं होत नाही. वेटोळं कशासाठी असतं हे तिला सहाव्या वर्षापासून माहीत होतं. नवी गुंडाळलेली मोटार तपासायची तर सीदो तिच्या तारांना बॅटरी जोडायचे आणि आतल्या कडेने होकायंत्र फिरवायचे. काटा एकदा इकडे वळला, पुढच्या वेटोळ्यापाशी तिकडे वळला, की काम बरोबर. "तारेत वीज धावली की तार एकटी राहत नाही, सीदो," ते नातीला सांगायचे. आपल्याकडे आजोबा नातीलाही सीदोच म्हणतात, प्रेम दोन्हीकडून सारखंच असतं ना. "तिच्याभोवती चुंबकाचा घेर उभा राहतो. डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतो."

मग या मुंगीएवढ्या वेटोळ्यालाही दिसेलच की. रुदैनाने यंत्राच्या पाठीवरचं बटण पाहिलं. त्यावर एक खूण होती, जिचा अर्थ घरात कुणी कधी विचारला नव्हता. बटण त्या खुणेवर सरकवलं की यंत्र खोलीतला गलका ऐकणं बंद करतं आणि त्या वेटोळ्याला जे जाणवेल तेवढंच ऐकतं.

तिने लग्नांत वापरतात तो जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळवला, त्याचा स्पीकर काढून टाकला आणि स्पीकरच्या जागी एक लांबच लांब वायर जोडली. वायर बैठकीच्या चारी भिंतींच्या कडेने फिरवून परत आणली. आता ती सबंध बैठक म्हणजेच एक मोठं वेटोळं झाली होती, एका फेऱ्याचं. माइकमध्ये बोललं की आवाज वीज होऊन वायरीतून धावणार, वायरीभोवती घेर थरथरणार, आणि घेरात बसलेल्या सीदोंच्या कानामागचं छोटं वेटोळं तो थरथराट पकडणार.

सीदोंना मधोमध बसवलं, त्यांच्या चालू यंत्राचं तसंच बटण सरकवलं. रुदैना स्वयंपाकघरात गेली, बैठकीकडची खिडकी लोटून घेतली आणि माइकमध्ये अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "सीदो, दुकानाची किल्ली तुमच्या डाव्या खिशात आहे."

फटीतून तिला दिसलं. सीदो दचकले. इकडेतिकडे बघितलं. मग सावकाश डाव्या खिशात हात घातला.

"डाव्या नाही, उजव्या!" पलीकडच्या न्हाणीतून खणखणीत आवाज आला. "सकाळीच बघितली मी!"

ही फिद्दा. सीदोंची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, कान भावाहून वाईट, आणि त्याच दवाखान्यातून आणलेलं तेच यंत्र. कुतूहल म्हणून तिनेही आपलं बटण सरकवून ठेवलं होतं. मधे दीड हात जाडीची दगडी भिंत होती.

सीदो हसून हसून बेजार झाले. किल्ली उजव्याच खिशात निघाली.

"भिंतीतून कसं गं ऐकलं हिने?" नायेलची बायको नज्वा चक्रावून गेली.

"दगडाला काय पत्ता घेर येतो-जातो ते," सीदो डोळे पुसत म्हणाले. "तांब्याभोवती उभा राहिलेला घेर दगडाला विचारून पुढे जात नाही. फिद्दा, तू आता पुरुषांचं सगळं बोलणं ऐकणार म्हणजे."

फिद्दाने ते ऐकलं नाही, कारण सीदो माइकमध्ये बोलत नव्हते. पण दिवसभर तिचा चेहरा फुललेला होता.

त्या रात्री सीदोंनी अट घातली. "बोलतो मी. पण पहिली दोन वाक्यं ऐकू आली नाहीत, तर मी नायेलच्या गुडघ्यावर हात ठेवणार. हात ठेवला की उत्तर त्याने द्यायचं. आणि मग पुन्हा माझ्याकडे हा विषय काढायचा नाही, कुणीही, कधीही."

रुदैनाने मान हलवली. तो हात त्या गुडघ्यावर पडला, तर सीदो पुन्हा कधीच माणसांत यायचे नाहीत हे तिला ठाऊक होतं.

शुक्रवार उजाडला. दुपारच्या नमाजानंतर बाहेर गाड्यांची रांग लागली. जाहा आली.

स्वयंपाकघरात बायकांची ही गर्दी, मन्साफच्या मटण-भाताच्या परातींतून दह्याची वाफ, कुनाफ्याला साखरेचा पाक. रुदैना भरतकामाच्या लाल झग्यात खिडकीशी उभी, अ‍ॅम्प्लिफायर तिच्यापुढे ओट्यावर. पलीकडे बैठकीत साठ पुरुष दाटीवाटीने बसलेले. मधोमध सीदो, शेजारी नायेल, समोर टेबलावर माइक. अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा लागलेला. नायेलने माइकसमोर पाहुण्यांचं स्वागत सुरू केलं.

रुदैनाने फिद्दाकडे पाहिलं. फिद्दा मांडून ठेवल्यासारखी स्टुलावर स्थिर बसली होती, यंत्राचं बटण सरकवून, सगळ्या बायकांच्या मध्ये, बातमी द्यायला सज्ज.

"अम्तो, काय म्हणतायत?" रुदैनाने हातवारे केले. आत्या असो की काकू, आपल्याकडे दोघीही अम्तोच.

"कोण? अजून कुणी बोलतच नाहीये," फिद्दा म्हणाली. बटण त्या खुणेवर असलं की तिला स्वतःचाही आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून ती डोंगरावरून हाक मारल्यासारखी बोलायची. "नायेल नुसता ओठ हलवतोय का?"

रुदैनाच्या तोंडचं पाणी पळालं. अ‍ॅम्प्लिफायर चालू. माइक चालू. वायर घट्ट. मग?

तिने खिडकीतून खूण केली. नायेल स्वागत आटोपून, पाणी मागायच्या निमित्ताने जवळ आला.

"अम्मो, वायर कुठाय?"

"आहे की!" नायेल कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "सकाळी चुलत्यांकडचे गालिचे आले, ते अंथरायचे तर ही वायर चारी बाजूंनी पायात येत होती. मी म्हटलं, पाहुणा अडखळला तर? तीन भिंतींवरची काढली आणि या भिंतीशी सोफ्याखाली छान दुमडून ठेवली. जाणारी आणि येणारी अगदी चिकटून, दर वितीला टेप. एक सेंटिमीटर तोडलेली नाही हं, आहे तेवढी सगळी आहे."

नायेलचं कापडाचं दुकान आहे. घडी हा त्याचा धर्म. ताग्यावर ताग्याची घडी बसवावी तशी त्याने वायरीची घडी बसवली होती.

रुदैनाला ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडणार? जाणाऱ्या तारेचा घेर एका दिशेने फिरतो, येणारीचा उलट्या दिशेने. दोघी चिकटून झोपवल्या की दोन्ही घेर एकमेकांना खाऊन टाकतात. वायर तेवढीच होती, वीज तेवढीच होती, आणि बैठकीत काही म्हणजे काहीच नव्हतं. नायेलचा तरी काय दोष? वायर जोडलेली असली की झालं, असं जगातल्या शंभरातल्या नव्याण्णवांना वाटतं.

आत आता वायर पसरणं शक्यच नव्हतं. गालिच्यांवर साठ पुरुष बसले होते. कुराणपठण सुरू झालं. त्यानंतर कॉफी, त्यानंतर भाषण. फार तर पंधरा मिनिटं.

"काय झालं गं?" नज्वाने विचारलं. "पांढरी का पडलीस?"

"सीदोंना काहीच ऐकू येत नाहीये. साधा गलकासुद्धा नाही, बटण सरकवलंय ना. विहिरीत बसल्यासारखे बसलेत ते." तिचे डोळे भरून आले. मग एकदम ती थांबली. फिद्दाकडे पाहत राहिली. फिद्दाने भिंतीपलीकडून ऐकलं होतं. दीड हात दगडातून.

"अम्तो नज्वा," ती म्हणाली, "घेर आत असायलाच हवा असं कुणी सांगितलं? वायर बैठकीच्या आत नको, घराच्या बाहेरून टाकू. सगळ्या घराला वेढा घालू!"

"वेढा?" नज्वा म्हणाली. "कुणाला, आपल्यालाच?"

पण रुदैना दुकानाकडे पळालीसुद्धा. दुकान घराखालीच. तांब्याच्या तारेची रिळं फळीवर ओळीने. जाड तार घेतली तर अ‍ॅम्प्लिफायर जळणार, फार बारीक घेतली तर आवाज मरणार. तिने बोटांच्या चिमटीत धरून मधली निवडली आणि रीळ पोटाशी धरून वर आली. झगा एका हाताने सावरायचा होता, म्हणून तारेचं टोक तोंडात धरलेलं.

तारेचं एक टोक ओट्यावर ठेवलं आणि मागच्या दाराने ती बाहेर पडली. मागचा जिना, अंजिराचं झाड, पश्चिमेकडची बोळ. सोबत चुलतबहिणी दोरीवरचे चिमटे घेऊन धावत होत्या आणि खिडक्यांच्या गजांना तार अडकवत होत्या. कोपऱ्यावर सगळ्या थबकल्या. पुढे घराची दर्शनी बाजू. तिथे पाहुण्यांचे ड्रायव्हर आणि तरणे पोरगे उभे होते. मागणीच्या दिवशी नवरी मुलगी हातात रीळ घेऊन त्यांच्यापुढून गेली असती, तर कॉफीची गंमत गावाने त्याच संध्याकाळी विसरून नवी धरली असती.

"दे इकडे," मागोमाग मिठाई घेऊन आलेली नज्वा म्हणाली.

नज्वाने त्या दिवशी सासूचा जुना सल्ती झगा घातला होता. आपल्या गावचा तो काळा झगा ठाऊक आहे ना, एकेका बाहीत लहान मूल झोपेल एवढ्या बाह्या? तिने रीळ डाव्या बाहीत घातलं, उजव्या हातात मिठाईची परात घेतली आणि राणीच्या चालीने घरापुढून निघाली. बाहीतून तार सुळसुळत सुटत होती, आणि नज्वा दर चार पावलांवर कुंपणाच्या वेलीला हात लावून ती वेलीत खोचत होती.

"खालतो," मावशी म्हणावं तसं एक ड्रायव्हर अदबीने म्हणाला, "तुमच्या बाहीचा धागा उसवलाय. लांबच लांब निघालाय."

"निघू दे रे. जुनी शिवण आहे," नज्वा म्हणाली. "तू मिठाई खा. तोंड भरून खा."

दाराच्या चौकटीवरून तार न्यायची होती. साठ जोड्या पायताणांच्या पुढे उभं राहून नज्वाने हात वर केला, वेलीची फांदी सरळ केल्यासारखं केलं, तार वरून पलीकडे टाकली आणि पुन्हा परात पुढे धरली. पूर्वेच्या कोपऱ्यावर, मागून वळसा घालून आलेली रुदैना तिची वाटच पाहत होती. तिने रीळ झडप घालून घेतलं, भिंतीच्या कडेने पळत स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीपाशी आली, तार तोडली आणि टोक आत फेकलं.

आत भाषणाची वेळ झाली होती.

म्होरक्या होता अबू ग़ालिब. अजलूनचा नामांकित वक्ता. त्याच्या 'बिस्मिल्ला' आणि 'आमीन' यांच्यामध्ये एखाद्याचं शेत नांगरून होईल. तो उभा राहून घसा साफ करत होता. त्याच्यापुढची कॉफी तशीच.

तांब्याच्या या तारेवर लाखेसारखा लेप असतो, तो खरवडल्याशिवाय वीज जात नाही. रुदैनाने कांदे चिरायची सुरी उचलली. एक टोक खरवडलं. दुसरं घेतलं. खिडकीच्या फटीतून तिला सीदो दिसत होते. अबू ग़ालिबचे ओठ हलत होते, आणि सीदो त्या ओठांकडे बघत होते, ताठ, एकटे. पहिलं वाक्य संपलं. सीदोंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं. दुसरं वाक्य सुरू झालं. सीदोंचा उजवा हात स्वतःच्या मांडीवरून उचलला गेला आणि नायेलच्या गुडघ्याकडे निघाला.

नायेलची वायर तिने ओढून काढली. तांबं चकाकेपर्यंत शेवटचा लेप खरवडला. दोन्ही टोकं अ‍ॅम्प्लिफायरला पिळून बसवली आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"अरे देवा!" फिद्दा स्टुलावर उडाली. "केवढ्यांदा बोंबलतोय हा!"

तिकडे सीदोंचा हात गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर थांबला. तसाच तरंगत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, डोक्यावरचा रुमाल नीट केला, आणि मान वर करून अबू ग़ालिबकडे पाहिलं. दुकानात अवघड मोटार पहिल्यांदा फिरली की ते असेच बघायचे.

रुदैना ओट्याला टेकली. झग्याला अंजिराचा चीक लागला होता, तोंडात तांब्याची चव होती, आणि ती हसत होती.

आता सबंध घर वेढ्यात होतं, त्यामुळे फिद्दाला शब्दन् शब्द येत होता. बायका भोवती कोंडाळं करून बसल्या.

"म्हणतोय, तुमच्या घराण्याची कीर्ती दमास्कसपर्यंत आहे," फिद्दाने जाहीर केलं. "खोटं आहे, पण छान म्हणाला. आता मुलाचं कौतुक. कष्टाळू म्हणे. पंप तीनदा जाळला ते नाही सांगत. आता उंटाचा विनोद. हा माझ्या लग्नातही सांगितला होता कुणीतरी." बैठकीतून हशा ऐकू आला. फिद्दा थांबली. "मुफ्लेहसुद्धा हसला," ती म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज खाली आला. "सगळ्यांच्या बरोबर हसला. नंतर नाही."

नज्वाने झग्याच्या बाहीने डोळे टिपले. बाहीत वेलीची एक काडी अडकून राहिली होती, ती गालाला लागली.

"आता मागणी घातली. आता म्हणतोय कॉफी घेणार नाही." फिद्दाने बोट वर केलं. "संपलं."

रुदैनाने फटीला डोळा लावला. सीदो डोळे मिटून बसले होते. दहा क्षण. वीस. पाहुण्यांत चुळबुळ झाली. कुणीतरी शेजाऱ्याच्या कानाशी लागलं. नायेल घामाघूम होऊन अर्धवट उठला, तर सीदोंनी डोळे न उघडता त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. मग माइक स्वतःकडे ओढला.

ते बोलू लागले. खिडकीतून नुसतीच गुणगुण येत होती, शब्द लागत नव्हते. सगळ्यांनी फिद्दाकडे पाहिलं. फिद्दा ऐकत होती आणि काही सांगत नव्हती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अम्तो! काय म्हणतायत? नाही म्हणतायत का?" रुदैनाने तिचे खांदे हलवले.

फिद्दाने कानामागचं यंत्र काढलं आणि रुदैनाच्या कानावर दाबून धरलं. "तूच ऐक," ती म्हणाली. "मला जमायचं नाही. मला नंतर सांग."

आवाज इतका मोठा होता की रुदैना कळवळली. पण तो सीदोंचाच होता, अगदी कानात.

"...तर अबू ग़ालिब, घाबरू नकोस. नकार नाही. मी जरा चव घेत होतो. नऊ वर्षांनी कुणाचं बोलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणजे, सुरुवातीची दोन वाक्यं सोडून. मधे जरा लांबलं, पण मला आणखी लांबलं असतं तरी चाललं असतं." हशा झाला. "लोकहो, बहिऱ्या माणसाशी सगळे ओरडून बोलतात. चांगल्या मनाने ओरडतात. पण ओरडून माणूस काय बोलतो? जेव. गोळी घे. दार लाव. ओरडून कुणी विनोद सांगत नाही. ओरडून कुणी आजचा दिवस कसा गेला ते सांगत नाही. नऊ वर्षं माझ्या घरात माझ्याशी कामापुरतं बोलणं झालं, आणि त्यात कुणाचीच चूक नव्हती. फक्त एका पोरीला ते पुरेसं वाटलं नाही. तुम्ही आत्ता सगळे तिने टाकलेल्या तारेच्या आत बसला आहात. ती पोर तुम्ही मागताय. देतो. अल्लाच्या नावाने देतो, आनंदाने देतो. घ्या कॉफी."

साठ पेल्यांची किणकिण रुदैनाच्या कानात फुटली.

"काय म्हणाला?" फिद्दा आता ठार बहिरी झाली होती आणि तिचा झगा ओढत होती. "सांग ना! काय म्हणाला?"

रुदैना वाकली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडली. "म्हणाले, देतो!" तेवढ्याने तिचं भागेना. तिने पुन्हा श्वास घेतला. "म्हणाले, ओरडून कुणी विनोद सांगत नाही! म्हणाले, नऊ वर्षं झाली! अम्तो, मी पण नऊ वर्षं वाट बघतेय! मला त्यांना रोज सांगायचं असायचं, दुकानात काय झालं, कोण आलं, कोणती मोटार फिरली, आणि मी नुसतं 'जेवा' म्हणून ओरडत होते! आता रोज सांगणार आहे! सासरहून येऊन सांगणार आहे!"

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की पलीकडची बैठक गप्प झाली आहे. खिडकी नुसती लोटलेली होती, आणि पलीकडच्या टेबलावरचा माइक अजून चालूच होता. कुणी पेला ओठांशी धरून तसाच बसला होता. यंत्र अजून तिच्या कानावरच होतं. त्यात कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, घसा साफ केल्याचा आला.

"ऐकलं, सीदो," आजोबा म्हणाले. "सगळं ऐकलं."